आठ जुड्या

१० ऑगस्ट ९८

राजीनामा आजही खिशातच राहिला. घामाने पाकिटावरची शाई पसरते, म्हणून हे तिसरं पाकीट. सकाळी भाऊसाहेब (पुढे भा.सा. लिहिणार, रोज एवढं नाव कोण लिहील) एकटेच बसले होते, चहा चालला होता, मूडही बरा होता. मी आत गेलो आणि विचारलं, "साहेब, पंपाचा वॉशर आणायचा का?" मग वॉशर आणायला गेलो.

अकरा वर्षं यांच्या नर्सरीत द्राक्षाची कलमं केली, पुढे सुपरवायझर म्हणून करवून घेतली. जिल्ह्यातल्या कितीतरी बागा माझ्या हातच्या. पण एक वाक्य बोलता येत नाही.

घरी येऊन शोभाला वॉशरचं सांगितलं. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१४ ऑगस्ट

दिला.

पाठ केलेलं सगळं विसरलो. पाकीट टेबलावर ठेवून नुसता उभा. भा.सा.नी वाचलं, चष्मा काढून पुसला. "विलास, कलम तू करतोस. पण शेतकरी येतो तो माझ्या नावावर. बाहेर पडल्यावर कळेल." आवाज अजिबात चढला नाही. वर स्वतःसाठी आलेला चहा मला दिला. तो चहा अजून घशात अडकलाय.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. घरी बसून नऊ दिवस. शोभा बालवाडीत जाते, मी भाजी निवडतो. आईने गल्लीत 'रजेवर आहे' असं सांगून ठेवलंय.

शेजारच्या काकूंनी आज धरलंच. म्हणजे नक्की करणार काय तुम्ही? सांगितलं. शेतकऱ्याने जंगली द्राक्षाचे खुंट शेतात लावलेले असतात. मुळं दणकट, फळ खाण्यालायक नाही. मग चांगल्या जातीची काडी आणायची, खुंटाला चीर द्यायची, काडी आत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. वीस दिवसांत डोळा फुटला की कलम लागलं.

"आणि नाही फुटला तर?"

हा प्रश्न मी नऊ दिवस स्वतःला विचारतोय. काकूंना म्हटलं, "फुटतो हो."

२९ ऑगस्ट

पहिलं काम! दिंडोरी रोडवर खताच्या दुकानात उभा होतो. साठीचे एक गृहस्थ, टोपी, पायात गमबूट. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. कलमं कोण करतो असं दुकानदाराला विचारत होते. दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं.

"कुणाकडचे तुम्ही?"

"भाऊसाहेबांकडचा." तोंडातून गेलंच. मग सावरलं. "म्हणजे, होतो."

"होते म्हंजी? आता कुणाकडचे?"

मी खताच्या गोणीवरचा भाव वाचायला लागलो. आप्पांनी वाट बघितली, मग तेच म्हणाले, "बरं, बाग तर बघा येऊन."

बघितली. दोन एकर खुंट, दोन तुकडे, खालून नाला. एका तुकड्यात थॉमसन जात हवीय, दुसऱ्यात सोनाका. भा.सा.कडे का नाही गेलात विचारलं. म्हणाले, "तिथं माणूस भेटत नाय. पावती भेटते." तारीख ठरली ९ सप्टेंबर.

३० ऑगस्ट

आईने कॅलेंडर पुढे केलं. ९ तारीख पितृपक्षात. "पहिलंच काम, आणि या दिवसांत? लोक साधी कढई घेत नाहीत रे." म्हटलं, लोक घेत नाहीत म्हणूनच मजूर मोकळे असतात, आणि खुंटाला रस चढतो तो पंचांग बघून चढत नाही. हे अगदी ठणकावून सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन एखादा बरा दिवस निघतो का ते दोनदा बघितलं.

५ सप्टेंबर

पेठ नाक्यावरच्या जीपवाल्याबरोबर सोमीबाईला निरोप पाठवला होता, ती आज स्वतःच आली. सुरगाण्याकडची. तिची बारा जणांची टोळी दरवर्षी कलमाच्या हंगामात भा.सा.कडे उतरते. नऊ वर्षांची ओळख. वाटलं होतं, मोठ्या मालकाला सोडून माझ्याकडे कशाला येईल.

"त्याहीच्या कामाला पंधरा दिस हायेत अजून. यीन ना." मग म्हणाली, "तव्हा तुमच्या हाताखाली केलं, आता तुमच्यासाठी करू. चाकू त्योच हाय, दादा."

तिच्या टोळीत पट्टीची शेवटची गाठ प्रत्येकाची वेगळी. कुणी दोनदा फिरवतं, कुणी खाली खोचतं. कुणाचं कलम मेलं ते गाठीवरून कळतं, आणि ज्याचं त्याने परत करून द्यायचं. ही शिस्त तिचीच. नऊ वर्षं मी फुशारकीने ती माझी म्हणून सांगितली.

८ सप्टेंबर

काड्या आणल्या. दोन जाती, दोन गावच्या दोन बागा. पन्नास काड्यांची एक जुडी, अशा चाळीस. भा.सा.कडे प्रत्येक जुडीला ॲल्युमिनियमची पट्टी असते, त्यांचं नाव ठोकलेली. माझ्याकडे पट्ट्या कुठल्या. पंचवटीत देवळाजवळ पूजेचं लाल कापड मिळतं ते आणलं, शिवाय घरातलं जुनं धोतर फाडलं. सोनाकाला लाल चिंधी, थॉमसनला पांढरी. झकास.

ड्रम एकच. औषधाच्या पाण्यात सगळ्या जुड्या बुडवल्या, काढून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

शोभा म्हणाली, "दोन्ही एकाच ड्रममध्ये?"

म्हटलं, "चिंध्या आहेत ना."

९ सप्टेंबर, दुपारी, आप्पांच्या बांधावर

सकाळी इथे येऊन गोणपाट उघडलं. लाल कापडाचा रंग गेलेला. देवापुढे एकदा अंथरायचं कापड ते, त्याने रंग धरून ठेवायचा कशाला.

कडेच्या जुड्या ओळखू आल्या. मधल्या आठ नाही. आठही चिंध्या सारख्याच, मळकट गुलाबी. काड्या उन्हात धरल्या, पेरं मोजली, साल नखाने खरवडून बघितली. अकरा वर्षं कलमं केलेल्या माणसाला थॉमसन आणि सोनाका ओळखता येऊ नये? वेलीवर येते ओळखता. कापलेली, भिजलेली काडी हातात धरून नाही येत.

आप्पा नारळ घेऊन उभे. टोळी चाकूंना धार लावून बसलेली. चारशे काड्या टाकून द्यायच्या तर नव्या आजच्या आज फक्त भा.सा.कडे मिळाल्या असत्या. तिथे जाऊन काय म्हणू? आणि आप्पांना काय म्हणू? पहिला दिवस, पहिला तास.

आठ जुड्या अंदाजाने चार-चार वाटल्या. आप्पांनी नारळ फोडला. "विलासराव, नीट होऊ द्या."

"होणार."

सोमीबाईने एकदा त्या जुड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ह्या माझ्याकडं द्या," म्हणाली आणि आठही उचलून घेऊन गेली. का, ते मी विचारलं नाही.

१० सप्टेंबर

काम संपलं. आप्पांच्या घरी सगळ्यांना जेवण. आमटी फार चांगली झाली होती म्हणे.

१६ सप्टेंबर

हिशेब करत बसलो. पालवी दोन्हीची सारखीच दिसणार. फळाची पहिली छाटणी पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, मग फुलोरा, मग मणी. सोनाकाचा लांबट, थॉमसनचा गोलसर. म्हणजे सव्वा वर्ष कुणाला काही कळणार नाही. शिवाय आठच्या आठ जुड्या बरोबरही पडल्या असतील. या विचाराने एकदम बरं वाटलं. मग बरं वाटलं याची लाज वाटली.

चुकल्या असतील तर आप्पांचं काय होईल ते मला चांगलं माहीत आहे. एकाच सरीत दोन जाती, दोघींचं औषध वेगळं, तोडा वेगळा. व्यापारी एक फेरी मारेल आणि बागेला नावं ठेवून जाईल.

शोभाला सांगितलेलं नाही. अंगणात ड्रम आहे, त्याच्या बाजूने जायचं टाळतो.

३० सप्टेंबर

डोळे फुटले! शंभरात पाच-सहा गेले असतील, बाकी सगळे पोपटी. आप्पा सरीतून हात मागे बांधून हिंडत होते. चौथ्या सरीपाशी थांबून म्हणाले, "तुमचा हात चांगला हाय." मी शेजारच्या कलमाची पट्टी तपासायला लागलो.

मेलेली कलमं परत करायला सोमीबाई टोळीतल्या दोघींना घेऊन आली होती. मला म्हणाली, "चला, दावते." नाल्याकडे घेऊन गेली. दोन्ही तुकड्यांत नाल्याकडच्या शेवटच्या सरी. तिथल्या प्रत्येक कलमाची पट्टी उलटी फिरवलेली, डाव्या हाताने बांधल्यासारखी. बाकी पूर्ण बागेत असं एकही नाही. त्या आठ जुड्या तिने एकटीने, सगळ्या या कडेला बसवल्या होत्या, आणि खूण ठेवली होती.

"तुला कळलं होतं?"

"चिंध्या बघितल्या. तुमचा चेहरा बघितला."

"मग अशी गाठ कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो. "तुमी आप्पाला सांगाल तव्हा दावाया लागंल ना, कुठल्या त्या."

ती धरूनच चालली होती की मी सांगणार. वीस दिवस ती ते धरून चालली होती. आणि मी सव्वा वर्षाचा हिशेब मांडत होतो.

१ ऑक्टोबर, दसरा

शोभाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. ड्रमचं बोलेल वाटलं होतं, बोलली नाही. म्हणाली, "तुम्ही इतके दिवस जेवत नव्हता. मला वाटलं धंद्याची भीती."

तीच की. चूक रंगाने झाली, ती लपली भीतीने. भा.सा.कडे असं झालं असतं तर मी धावत जाऊन सांगितलं असतं, कारण चूक त्यांच्या नावावर असती. स्वतःच्या नावावरची पहिली गोष्ट आणि ती ही.

उद्या जातो.

२ ऑक्टोबर

गेलो नाही. स्कूटर स्वच्छ केली.

३ ऑक्टोबर

गेलो. आप्पा ओट्यावर बसून दाढी करत होते. एका दमात सांगितलं. चिंध्या, रंग, आठ जुड्या, नाल्याकडच्या सरी, उलट्या पट्ट्या. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"हे कवा कळलं?"

"त्याच दिवशी सकाळी. नारळाच्या आधी."

"नारळाच्या आधी." हे त्यांनी दोनदा म्हटलं. मग उरलेली दाढी केली. एवढा वेळ मी उभा. आयुष्यात कुणाची दाढी इतकी सावकाश झालेली बघितली नाही.

तोंड पुसून म्हणाले, "रंग गेला त्याचं मला काय नाय. माझा बी गेला असता. तुमी 'होणार' म्हणालात, ते मला टोचतंय."

नव्या काड्यांनी परत करून देतो म्हटलं. नको म्हणाले. लागलेली कलमं कापायची नाहीत, फळ येऊ दे, तेव्हा कळेल ते कळेल. "त्या चारशे वेलींच्या बांबूंना गेरू लावून द्या. पट्ट्या सुटल्या की वळखायचं कसं? आन मग माझ्या बागेत पाय ठेवू नका."

संध्याकाळपर्यंत गेरू लावला. एकट्याने. चारशे बांबू. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, हे कशाला? पहिल्या दोघांना 'आप्पांनी सांगितलंय' म्हटलं. तिसऱ्यापासून खरं सांगायला लागलो. विसाव्या माणसापर्यंत आवाज साधा झाला होता.

घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलो.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. नोव्हेंबरात एकाकडे काम बोलून ठेवलं होतं, त्यांनी नको म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. गेरूची गोष्ट दिंडोरी रोडभर झाली असणार. आईचं म्हणणं, पितृपक्ष नडला. बिचाऱ्या पितरांवर कशाला घालायचं.

गंमत म्हणजे झोप लागते.

१७ जानेवारी ९९

एका लग्नात भा.सा. भेटले. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसले, जिलबी वाढणाऱ्याला माझ्या पानाकडे बोट दाखवलं. "ऐकलं सगळं. होतं असं. ये परत. रजा होती समजू." रजा! आईची आणि त्यांची भेट झाली की काय.

खरं सांगायचं तर जिलबी संपेपर्यंत मनात मी परत गेलो होतो. माझी खुर्ची, ती लोखंडी कपाटं, महिन्याची ठरलेली तारीख. दहा दिवसांत उत्तर दे म्हणाले.

२५ जानेवारी

शोभाला विचारलं तर म्हणते, तुम्ही ठरवा. मग भांडी लावता लावता म्हणाली, "परत गेलात तर पुढच्या वर्षी आप्पांच्या बागेत जे काही येईल ते कुणाच्या नावावर येईल?"

कुणाच्याच नाही. मी भा.सा.चा माणूस होईन, आणि त्या वेली कुणीतरी विलास नावाच्याने केलेल्या.

भा.सा.ना जाऊन 'नाही' सांगितलं. पाकीट लागलं नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "भीती नाही वाटत?" म्हटलं, वाटते. चहा मी या वेळी पूर्ण प्यायलो.

२० फेब्रुवारी

आप्पांच्या बागेत छाटणी झाली. दुसऱ्याकडून करवून घेतली. मी रस्त्यावरून जाताना बघितलं. बांबूंवरचा गेरू अजून तसाच आहे, नाल्याकडे लाल ओळ दिसते. स्कूटर हळू केली, थांबवली नाही.

११ सप्टेंबर ९९

या वर्षी तीन कामं, तिन्ही लहान. सोमीबाई टोळी घेऊन आली, माझ्या आईसाठी नागलीचं पीठ आणलं. आता एका दिवशी एकच जात भिजवतो आणि चिंध्या बांधत नाही. जुडीच्या प्रत्येक काडीला खालून चाकूची खूण करतो, सोनाकाला एक, थॉमसनला दोन. वेळ खातं. खाऊ दे.

आज मखमलाबादला नव्या शेतकऱ्याने विचारलं, "कुणाकडचे?"

"माझं स्वतःचंच काम आहे." आणि मग त्याने न विचारताच आप्पांच्या बागेचं सांगितलं. का सांगितलं? दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं, हे एक. दुसरं असं की ते सांगून झाल्यावर माझा चाकू सरळ चालतो.

तो म्हणाला, "मग आमच्याकडं नीट करा म्हंजे झालं." एवढंच. मी मनात कितीतरी मोठं भाषण तयार ठेवलं होतं.

१४ ऑक्टोबर

आप्पांकडे फळाची छाटणी झाली असं खताच्या दुकानात कळलं. मोजणी सुरू. पन्नास दिवसांत मणी धरतील.

मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

२७ नोव्हेंबर

मोजणी चालूच. शोभा म्हणते जाऊन बघा ना लांबून. लांबून मणी दिसतो का?

४ डिसेंबर

दुकानात निरोप: आप्पांनी बोलावलंय, उद्या सकाळी. का, ते निरोप्याला माहीत नाही. आई म्हणाली, अमावास्या आहे का बघ. बघितलं नाही.

५ डिसेंबर

गेलो. स्कूटर बांधावर लावली आणि तिथेच उभा राहिलो. चौदा महिने पाय ठेवलेला नाही. आप्पा आतून ओरडले, "या की आत. काय मुहूर्त बघता का?"

सरळ नाल्याकडे नेलं. गेरूचे बांबू. प्रत्येक वेलीवर घड, हिरवे, नाजूक. मी गुडघ्यावर बसून एक घड तळहातावर घेतला. मग शेजारचा. मग दुसऱ्या तुकड्यातला. बाजरीएवढे मणी. या आकाराला सगळ्या जातींचे मणी गोलच दिसतात. मी तरीही दहा-बारा वेलींपुढे बसलो, उठलो.

"काय वाटतं?" आप्पा मागे हात बांधून.

खोटं बोलायला वावच नव्हता. "आत्ता नाही कळणार, आप्पा. अजून पंधरा दिवस. ज्वारीच्या पुढे गेले की मग लांबट की गोल ते दिसेल."

"ते मला बी म्हाइती हाय. चाळीस वर्षं द्राक्ष बघतो."

"मग आज का बोलावलंत?"

त्यांनी घडाखालचं एक पान काढून टाकलं. "कळल्यावर बोलावलं असतं, तर ते मण्यांनी बोलावल्यावानी झालं असतं. आज मी बोलावलंय." मग नाल्यापलीकडे बोट दाखवलं. "तिकडं दीड एकर हाय. फेब्रुवारीत खुंट लावतोय. सप्टेंबरला या. सोमीबाईला आणा."

मी गेरूच्या बांबूला हात लावून विचारलं, "आणि इथे चुकलेलं निघालं तर?"

"तर हितलं हितं बघू. शिव्या द्यीन. दोन्ही कामं येगळी." चालायला लागले. चार पावलांवर थांबून मागे न बघता विचारलं, "ड्रम किती हायेत तुमच्याकडं?"

"एक."

"दोन करा."

परत येताना पंचवटीत थांबलो. जुना निळा आहे म्हणून नवा पांढरा घेतला. स्कूटरला मागे बांधून गल्लीत शिरलो तर काकूंनी विचारलं, लागलं का हो ते कलम? म्हटलं, लागलंय. कुठलं लागलंय ते पंधरा दिवसांनी सांगतो.

भीती गेली का? नाही गेली. शोभाने ड्रम धुतला, मी पुसला, दोघांनी मिळून अंगणात उन्हाला पालथा घातला. शेजारी निळा.